स्किर्टोथ्रिप्सची ओळख आणि प्रसाराची नोंद: या चुका टाळा

फुलकिड्यांच्या जगभरात सहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. त्यांपैकी शंभराहून थोड्या जास्त जाती स्किर्टोथ्रिप्स या एका प्रजातीत (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) येतात. प्रौढ कीड जेमतेम एक मिलिमीटरची, फिकट पिवळी, कोवळ्या पालवीत दडलेली. बहुतेक जाती उष्ण आणि समशीतोष्णाच्या सीमेवरच्या प्रदेशांत आढळतात. गंमत अशी की १९०९ साली शल यांनी ही प्रजाती मांडली ती मिशिगनमधल्या स्किर्टोथ्रिप्स रुथवेनी या जातीवरून, म्हणजे चांगल्या थंडीच्या मुलखातल्या किड्यावरून.

मिरची, चहा, आंबा, लिंबूवर्गीय फळे, अ‍ॅव्होकॅडो, कसावा या पिकांवर यातल्या मोजक्या जाती नुकसान करतात. त्यामुळे ‘अमुक देशात तमुक जात सापडली’ या एका ओळीवर क्वारंटाइनचे निर्णय होतात, माल अडतो, फवारणीच्या शिफारशी निघतात. ती ओळ एका स्लाइडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्टीवर बसवलेल्या किड्यावर, उभी असते. स्लाइड वाईट असेल, किंवा मुळात नसेलच, तर पुढचा सगळा पसारा हवेत.

पान बघून किड्याचे नाव ठेवणे

सर्वांत जास्त घडणारी चूक हीच. मिरचीची पाने आकसली की ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडामुरडा’ म्हणायचे आणि नोंदवहीत थेट स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस लिहून मोकळे व्हायचे. या एका नावाखाली निदान तीन वेगळी कारणे दडलेली असतात. फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात आणि पान होडीसारखे दिसते. पांढऱ्या कोळीमुळे कडा खाली वळतात, देठ लांबतो. पर्णगुच्छाचा विषाणू पांढरी माशी पसरवते. त्यात शिरा जाड होतात आणि पाने बारीक राहतात. शेतात तिन्ही एकाच झाडावरही भेटतात. म्हणून लक्षण ही फक्त ‘इथे शोधा’ असे सांगणारी खूण समजा, ओळख नव्हे.

फळांवरच्या व्रणांचा घोळ याहून वाईट. लिंबूवर्गीय फळावर देठाभोवती खरखरीत राखाडी कडे दिसते, तेव्हा ते करणारा किडा कधीच निघून गेलेला असतो. फळ अगदी लहान असताना, पुष्पकोशाच्या खाली पिल्ले खातात. फळ वाढते तसा व्रण देठापासून बाहेर सरकत मोठा होतो. वाऱ्याने फांदी घासूनही व्रण पडतात. पिकलेल्या फळावर किडा शोधून मिळणार नाही. शोधायचा तर नव्या पालवीत आणि पाकळ्या गळून गेलेल्या बारीक फळांवर शोधा.

‘पिवळा आणि बारीक’ म्हणजे स्किर्टोथ्रिप्स, असे धरणे

भिंगातून पिवळा दिसणारा प्रत्येक फुलकिडा या प्रजातीचा नसतो. थ्रिप्स पाल्मी पिवळा असतो, थ्रिप्स टॅबॅसीच्या कितीतरी माद्या पिवळट असतात. थ्रिप्स पार्विस्पिनसमध्ये तर मादी गडद तपकिरी आणि नर पिवळा! ही जात भारतात २०१५ साली बंगळुरूजवळ पपईवर नोंदली गेली आणि २०२१ मध्ये दक्षिणेत मिरचीवर तिचा मोठा उद्रेक झाला. अशा शेतात फुलातून दोन-चार पिवळे नर हाती लागले आणि ‘हे नेहमीचेच मिरचीवरचे फुलकिडे’ म्हणून सोडून दिले, तर नव्या किडीची नोंद हातची जाते. पार्विस्पिनस फुलांत गर्दी करते, डॉर्सालिस कोवळ्या पानांत. हा फरक मदतीचा आहे, पण तोही ओळखीचा पुरावा नाही.

प्रजाती ठरवायला चारशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो, शक्यतो फेज-कॉन्ट्रास्टची (फिकट, पारदर्शक भाग ठळक दाखवण्याची) सोय असलेला. डोक्यापासून सुरुवात करा. शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचे, खंड मोजा: स्किर्टोथ्रिप्समध्ये आठ. तिसऱ्या आणि चौथ्या खंडावरचे संवेदी शंकू दोन फाट्यांचे असतात. डोक्यावर तीन साधे डोळे असतात आणि त्यांच्या आसपास केसांच्या तीन जोड्या. थ्रिप्स या प्रजातीत यातली पहिली, अगदी पुढची जोडी नसते. तेवढ्यावरच निम्मा गोंधळ मिटतो.

मग प्रोनोटम, म्हणजे डोक्यामागची पाठ. तिच्यावर आडव्या, अगदी जवळजवळ रेघा असतात. मागच्या कडेवरच्या केसांत एक जोडी बाकीच्यांहून लांब दिसते. फ्रँकलिनिएला या फुलकिड्यांच्या दुसऱ्या प्रजातीप्रमाणे पुढच्या आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर ठसठशीत लांब केस दिसले, तर तुम्ही वेगळ्याच प्रजातीत आहात.

पुढच्या पंखावर पाहताना शिरांवरचे केस मोजा. स्किर्टोथ्रिप्समध्ये पहिल्या शिरेवरची रांग तुटक असते, दुसऱ्या शिरेवर अगदी मोजके केस. फ्रँकलिनिएलामध्ये दोन्ही रांगा सलग, भरलेल्या असतात.

खरी ओळख पोटावर आहे. प्रत्येक टर्जाइटच्या, म्हणजे पोटाच्या खंडाच्या पाठीकडच्या पट्टीच्या, दोन्ही बाजूंना मायक्रोट्रिकियाच्या दाट आडव्या रांगा असतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण त्याला केस आणि मायक्रोट्रिकिया यांतला फरक दिसत नाही. केसाच्या मुळाशी गोल खोबण असते आणि फोकस हळूच वरखाली केला की ती कड्यासारखी उमटते. मायक्रोट्रिकियाला खोबण नसते. कातडीचाच तो बारीक काटा असतो, आणि तशा शेकडो काट्यांमुळे टर्जाइटची बाजू मखमलीसारखी दिसते. त्या मखमलीत अधूनमधून बसलेले खोबणवाले केस मोजायचे असतात, काटे नव्हे. आठव्या टर्जाइटच्या मागच्या कडेला सलग फणी असते. थ्रिप्समध्ये पाचव्या ते आठव्या टर्जाइटवर दोन्ही बाजूंना बारीक दातांच्या तिरप्या फण्या, म्हणजे टेनिडिया, असतात. स्किर्टोथ्रिप्समध्ये त्या नसतात.

मखमल दिसली म्हणून लगेच निकाल देऊ नका. सेरिकोथ्रिपिनी उपकुळातल्या निओहायडॅटोथ्रिप्ससारख्या प्रजातींतही पोटाच्या बाजू अशाच दाट काट्यांच्या असतात. जुन्या वर्गीकरणात स्किर्टोथ्रिप्सला यांच्याच शेजारी बसवत असत, आणि जुनी पुस्तके वाचून शिकलेल्यांची गल्लत तिथूनच होते. आज स्किर्टोथ्रिप्स थ्रिपिडी कुळातल्या थ्रिपिनी उपकुळात आहे. फरक दोन जागी पाहा. निओहायडॅटोथ्रिप्सच्या प्रोनोटमवर वेगळ्या नक्षीचा ठळक चट्टा असतो, आणि पंखाच्या पहिल्या शिरेवर केसांची दाट, सलग रांग असते.

द्राक्षावर काम करणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे: ड्रेपॅनोथ्रिप्स रॉयटेरी. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या द्राक्षवेलींवरचा हा किडा स्किर्टोथ्रिप्सचा सख्खा शेजारी वाटतो, पण त्याच्या शृंगिकेचे खंड सहाच असतात. खंड न मोजता प्रजाती लिहिणाऱ्याला तो नेमका चकवतो.

स्लाइड बिघडते कुठे

चुकीच्या ओळखींचे मूळ अज्ञानात कमी आणि वाईट स्लाइडमध्ये जास्त असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाकड्या शृंगिकेचे खंड कोणालाच मोजता येत नाहीत.

गोळा करण्यापासून सांगायचे तर कोवळा शेंडा पांढऱ्या ताटलीवर झटका आणि अल्कोहोलने ओलसर केलेल्या बारीक कुंचल्याने किडे उचला. मायक्रोस्कोपखाली पाहायचे नमुने एजीए द्रावणात ठेवा: ६० टक्के इथेनॉल दहा भाग, ग्लिसरीन एक भाग, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड एक भाग. त्यात किडा मऊ राहतो आणि पंख पसरतात. नेहमीची चूक म्हणजे सरळ ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकणे. त्यात किडा कडक होतो, शृंगिका डोक्यावर दुमडतात आणि सुईने सरळ करायला जावे तर मोडतात. डीएनएसाठी मात्र ९५ टक्क्यांच्या वरचेच इथेनॉल हवे आणि थंड जागा हवी. एजीएमधल्या आम्लाने डीएनए खराब होतो. म्हणून एका झाडावरचा नमुना सुरुवातीलाच दोन कुप्यांत विभागा. नंतर विभागू म्हटले की ते होत नाही.

एका झाडावरून एखाददुसराच किडा आणू नका. दहा-पंधरा प्रौढ, त्यात नर आणि माद्या दोन्ही, आणि शक्य असेल तर पिल्लेही.

कायम टिकणाऱ्या स्लाइडसाठी नेहमीची वाट अशी. एजीएमधून काढून ६० टक्के इथेनॉलमध्ये एक दिवस. मग ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, साध्या तापमानाला, अर्धा ते चार तास. नंतर पाण्यात धुवून पुन्हा ६० टक्के. त्यानंतर ७० टक्क्यांत एक तास, ८० मध्ये वीस मिनिटे, ९५ मध्ये दहा, पूर्ण इथेनॉलमध्ये पाच, आणि ताज्या पूर्ण इथेनॉलमध्ये आणखी पाच मिनिटे. लवंग तेलात अर्धा मिनिट. शेवटी कॅनडा बाल्सम हा पारदर्शक राळेचा चिकट पदार्थ. गोल कव्हरस्लिपवर बाल्समचा थेंब घ्या, त्यात किडा पोट वर करून ठेवा, पाय, पंख, शृंगिका बारीक सुईने पसरा आणि वरून स्लाइड हलकेच टेकवून उलटी करा. आता पाठ वर आली. ३५ ते ४० अंश सेल्सिअसला सुमारे सहा आठवडे सुकू द्या.

यात काय बिघडते ते पाहा.

स्लाइड दुधाळ किंवा ढगाळ झाली, तर अंगात पाणी राहिले आहे. बाल्सम आणि पाणी जमत नाहीत. बहुतेक वेळा पूर्ण इथेनॉलची बाटली वारंवार उघडून तिनेच हवेतला ओलावा ओढलेला असतो. नमुना परत ताज्या इथेनॉलमध्ये न्या.

शरीर चिपाडासारखे चपटले, तर एखादी पायरी गाळली आहे. ६० वरून थेट ९५ ला उडी मारली की आतले पाणी झटकन बाहेर पडते आणि पातळ कातडी आत बसते. स्किर्टोथ्रिप्ससारख्या फिकट, मऊ किड्यांत हे फार लवकर होते. गडद रंगाच्या फुलकिड्यांवर हात बसलेले लोक इथे घाई करून नमुने घालवतात.

पोटात हवेचे काळे फुगे दिसले, तर मागच्या पायांच्या खुब्यांमधल्या मऊ कातडीत, द्रावणात असतानाच, अतिबारीक सुईने एक छिद्र करा. आतला माल बाहेर पडायलाही त्याचा उपयोग होतो. हे छिद्र पाठीवर कधीच करू नका, कारण वाचायची लक्षणे तिथेच असतात.

सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाण आणि वेळ ही या प्रजातीतली सर्वांत नाजूक बाब. डॉर्सालिसच्या टर्जाइटच्या मध्यावर गडद डाग असतात आणि प्रत्येक टर्जाइटच्या पुढच्या कडेला गडद आडवी रेघ. रात्रभर क्षारात ठेवलेल्या नमुन्यात हे सगळे धुऊन जाते. मग किल्लीत, म्हणजे लक्षणे पाहत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात, ‘टर्जाइटवर गडद भाग नाही’ ही फांदी पकडली जाते आणि पुढचे नाव भलतेच येते. उपाय सोपा आहे: प्रत्येक नमुन्यातल्या निदान दोन माद्या क्षारात न घालता तशाच माउंट करा. रंग त्यांच्यावर पाहा, केस आणि काटे साफ केलेल्यांवर.

बाल्समऐवजी वापरायचे हॉयरचे माध्यम घाईच्या कामाला उत्तम, कारण त्यात किडा थेट पाण्यातून जातो आणि काही तासांत पाहता येते. पण वर्षांनंतर त्यात स्फटिक धरतात, कडा सुकून हवा शिरते. ज्या स्लाइडवर ‘नव्या देशात पहिली नोंद’ उभी राहणार, ती हॉयरमध्ये ठेवणे हा बेजबाबदारपणा आहे.

चिकट सापळ्यावरचे किडे तर या कामाला जवळजवळ निरुपयोगी. गोंद विरघळवून काढले तरी शृंगिका तुटतात, पंख चिकटतात, आणि किडा कोणत्या झाडावर वाढला हे तर कळतच नाही. सापळा संख्या मोजायला ठेवा, नावासाठी नको.

जातीपर्यंत पोहोचताना

पीक पाहून जात ठरवण्याचा मोह इथे फार होतो. लिंबूवर्गीय झाड दिसले की सिट्री, मिरची दिसली की डॉर्सालिस (ही आणि पुढची अशी नावे स्किर्टोथ्रिप्सच्याच जातींची). प्रत्यक्षात लिंबूवर्गीय झाडांवर दक्षिण आफ्रिकेत ऑरॅन्टी, कॅलिफोर्नियात सिट्री आणि आशियात डॉर्सालिस भेटते, शिवाय इनर्मिसचीही नोंद आहे. चहावर दक्षिण भारतात डॉर्सालिस आणि बायस्पिनोसस दोन्ही असतात, पूर्व आफ्रिकेत केन्येन्सिस.

डॉर्सालिस आणि ऑरॅन्टी यांच्या माद्या फार सारख्या दिसतात. दोन्हींत स्टर्नाइटवर, म्हणजे पोटाच्या खालच्या बाजूच्या पट्ट्यांवर, मायक्रोट्रिकिया मध्यापर्यंत, म्हणजे आडवे सगळीकडे पसरलेले असतात. सिट्रीमध्ये ते बाजूंपुरते राहतात. म्हणून पाठ पाहून झाली की फोकस खाली नेऊन पोटाची बाजूही पाहा. अर्धे लोक ती पाहतच नाहीत. मग पंखाच्या मागच्या कडेची झालर: डॉर्सालिसमध्ये तिचे केस सरळ, ऑरॅन्टीमध्ये नागमोडी. पंख घडी पडलेला असेल तर हे दिसणार नाही, आणि ‘बहुधा सरळ’ असे लिहून पुढे जाण्यात अर्थ नाही. दुसरा नमुना घ्या.

सर्वांत खात्रीचा साक्षीदार नर असतो. ऑरॅन्टीच्या नराला नवव्या टर्जाइटच्या दोन्ही बाजूंना कोयत्यासारखे वळलेले गडद काटे असतात, त्यांना ड्रेपॅनी म्हणतात. मागच्या मांडीवर जाड केसांची फणीही असते. डॉर्सालिसच्या नराला यांतले काहीच नसते. नर आकाराने लहान, फिकट, म्हणून गोळा करतानाच ‘पिल्लू असेल’ म्हणून टाकून दिले जातात. पंख आहेत का ते पाहा. पिल्लांना ते नसतात.

फक्त पिल्ले मिळाली असतील तर प्रौढांची किल्ली त्यांना लावू नका. कोवळी पाने पिल्लांसकट हवेशीर डबीत टिश्यूवर ठेवा आणि प्रौढ होऊ द्या. डॉर्सालिसचा अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास उबदार हवेत साधारण दोन ते तीन आठवड्यांचा. डबीत ओल जास्त झाली की बुरशी येते आणि कोष आधी मरतात. टिश्यू दमट हवा, ओला नको.

एवढे करूनही डॉर्सालिस हे नाव पूर्ण उत्तर नसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएवर आधारित कामात या एका नावाखाली निदान नऊ लपलेल्या जाती असल्याचे दिसले. बाहेरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्यांतल्या ‘साउथ एशिया १’ नावाच्या एका गटाने दूरवर हातपाय पसरले आहेत. बाकीच्या कितीतरी आपापल्या भागापुरत्या आहेत. त्यामुळे एका ठिकाणचे तापमान, यजमान वनस्पती किंवा कीटकनाशक-प्रतिकाराचे आकडे उचलून दुसऱ्या खंडातल्या ‘डॉर्सालिस’ला लावताना हात आवरता घ्या. अहवालात ‘डॉर्सालिस समूह’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक.

डीएनएवर डोळे मिटून विसंबणे

डीएनएच्या आयटीएस-२ या भागावरून नुकसानकारक स्किर्टोथ्रिप्स जाती ओळखायची पद्धत २००६ पासून आहे, आणि सीओआय या दुसऱ्या जनुकावरून ओळख, म्हणजे बारकोड, तर सगळेच करतात. चूक होते ती डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात आपल्या किड्याचा क्रम टाकून ९९ टक्के जुळले की नाव उचलण्यात. त्या साठ्यातला क्रम ज्या किड्याचा, तो कोणी आणि कशावरून ओळखला होता? जर त्यानेही पान बघून नाव दिले असेल तर तुमची ९९ टक्के जुळणी त्याच चुकीशी जुळते. शिवाय क्रम कधी किड्याचा नसून त्याच्या पोटातल्या वनस्पतीचा किंवा सोबतच्या भलत्याच किड्याचा निघतो.

यावर उपाय म्हणजे किडा न चुरडता डीएनए काढणे. पोटाला छिद्र पाडून किडा प्रोटिनेज-के हे प्रथिने विरघळवणारे विकर असलेल्या द्रावणात ठेवा. आतला ऊतक विरघळतो, कातडी तशीच राहते. ती नेहमीच्या पायऱ्यांनी माउंट करून त्या स्लाइडवर तोच क्रमांक लिहा जो नळीवर आहे. क्षाराची पायरी इथे गाळायची, कारण कातडी आधीच साफ झालेली असते.

नावाच्या लिखाणातल्या चुका

जातीच्या नावापुढे ती वर्णिणाऱ्याचे नाव लिहितात; त्याच्या कंसाची चूक जवळपास प्रत्येक दुसऱ्या प्रबंधात सापडते. स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस हूड: इथे हूड कंसाबाहेर, कारण १९१९ मध्ये त्यांनी दक्षिण भारतातल्या नमुन्यांवरून ही जात वर्णिली तीच मुळी स्किर्टोथ्रिप्स म्हणून. स्किर्टोथ्रिप्स सिट्री (मोल्टन): इथे कंस हवा, कारण १९०९ साली मोल्टन यांनी तिला युथ्रिप्समध्ये ठेवले होते. ऑरॅन्टी फॉरे आणि पर्सी नाकाहारा कंसाविना. बायस्पिनोसस (बॅग्नॉल) कंसात. कंस लावणे ही शोभा नव्हे, जात दुसऱ्या प्रजातीतून आल्याची ती खूण आहे.

जुनी समानार्थी नावे न पाहिल्याने प्रसाराचा इतिहासच अर्धा राहतो. हेलिओथ्रिप्स मिन्यूटिसिमस, अ‍ॅनाफोथ्रिप्स अँड्रिई, निओफायसोपस फ्रॅगॅरिई ही सगळी आज डॉर्सालिसचीच नावे मानली जातात. शेवटचे नाव १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियातून आले. जो फक्त ‘डॉर्सालिस’ शब्द शोधतो त्याला ऑस्ट्रेलियातली ही जुनी नोंद दिसत नाही आणि तिथला किडा अलीकडचा पाहुणा वाटतो.

उलट दिशेची चूकही आहे: नव्या जातींची मोजदाद जशीच्या तशी स्वीकारणे. १९९८ साली मेक्सिकोतल्या स्किर्टोथ्रिप्सचा आढावा घेताना एकदम अनेक नव्या जाती मांडल्या गेल्या. २००१ मध्ये त्यावर सविस्तर टीका झाली, कारण एकाच जातीतले रंगाचे आणि केसांच्या लांबीचे बारीक फरक जातीभेद म्हणून धरले गेल्याची शंका होती. मध्य अमेरिकेत जाती किती, हे सांगताना कोणत्या यादीवरून सांगतो ते लिहिणे म्हणूनच भाग आहे. ऑस्ट्रेलियाचा आढावा २००३ मध्ये आला. तिथल्या स्थानिक जातींतल्या बऱ्याच त्यात प्रथमच वर्णिल्या गेल्या.

यजमान वनस्पतींची फुगलेली यादी

डॉर्सालिसच्या यजमानांच्या याद्या शंभराच्या पुढे जातात. त्यांतल्या कितीतरी नोंदी वाऱ्याने येऊन पानावर टेकलेल्या प्रौढांच्या आहेत. एक मिलिमीटरचा किडा वारा नेईल तिथे उतरतो. ज्या झाडावर पिल्ले वाढतात तेच खरे यजमान. नोंद करताना तीन रकाने ठेवा: प्रौढ दिसले, पिल्ले दिसली, पिल्लांपासून प्रौढ वाढवून ओळखले. तिसऱ्या रकान्यात खूण असेल तरच ‘यजमान’ म्हणा.

यातला धडा क्वीन्सलँडमध्ये पाहायला मिळतो. २००२ साली तिथे स्किर्टोथ्रिप्स ऑरॅन्टी सापडली तेव्हा लिंबूवर्गीय बागायतदारांचे धाबे दणाणले, कारण आफ्रिकेत हीच किडीची राणी. पण ती सापडली होती ब्रायोफिलम डेलागोएन्सी या मादागास्करहून आलेल्या तणावर, आणि पुढेही ती मुख्यतः त्याच वर्गातल्या वनस्पतींवर राहिली. नाव तेच, सवयी वेगळ्या. केवळ नावावरून धोक्याचा नकाशा रंगवला असता तर तो चुकला असता.

नकाशावर ठिपका देताना

देशभर एकच रंग फासणे ही सर्वांत आळशी चूक. अमेरिका हा एक चौकोन रंगवला की त्यात सिट्री, पर्सी आणि डॉर्सालिस एकत्र राहतात असा भास होतो. सिट्री नैर्ऋत्य अमेरिका आणि लगतच्या मेक्सिकोची मूळ रहिवासी आहे. पर्सी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅव्होकॅडोवर दिसली, १९९७ मध्ये तिला नाव मिळाले, आणि तिचे मूळ मेक्सिको-ग्वाटेमालाच्या बाजूला आहे. डॉर्सालिस कॅरिबियनमध्ये सेंट व्हिन्सेंटवर २००३ मध्ये आणि फ्लोरिडात स्थिरावलेली २००५ मध्ये नोंदली गेली. राज्य आणि जिल्ह्याच्या खाली, शक्य तर अक्षांश-रेखांशापर्यंत जा.

बंदरावर मालात सापडलेला किडा, काचगृहात मिळालेला किडा आणि उघड्यावर पिढ्या काढणारा किडा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लोरिडातच १९९० च्या दशकात डॉर्सालिसचे तुरळक नमुने मिळाले होते, पण ती तेव्हा टिकली नाही. ते ठिपके आणि २००५ नंतरचे ठिपके एकाच रंगात दाखवले तर शिरकावाचे वर्षच चुकते. ‘पकडला गेला’, ‘आच्छादनाखाली’ आणि ‘स्थिरावला’ यांना वेगळी चिन्हे द्या. या किड्यांत फलन न झालेल्या अंड्यांतून नर निघतात, त्यामुळे एकटी मादीही वसाहतीची सुरुवात करू शकते. म्हणून ‘एकच तर मिळाला’ म्हणत सोडून देऊ नका; तेच झाड दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा झटका.

नोंदीचे वर्ष म्हणजे नमुना गोळा केल्याचे वर्ष, लेख छापल्याचे नव्हे. दोहोंत कधी दहा वर्षांचे अंतर पडते. आणि मोकळी जागा म्हणजे ‘नाही’ असे वाचू नका. फुलकिडे पाहणारी माणसे जिथे आहेत तिथेच ठिपके दाट असतात. स्किर्टोथ्रिप्स मॅंजिफेरी या जातीच्या नोंदी इजिप्त-इस्रायलच्या आंब्यावर एकवटल्या आहेत, यात किड्याचा वाटा किती आणि शोधणाऱ्यांचा किती, हे प्रत्येक वेळी विचारा.

स्लाइडच्या डाव्या लेबलवर देश, राज्य, गाव, अक्षांश-रेखांश, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, पानावर की फुलात, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. उजव्या लेबलवर जात, लिंग, ओळखणाऱ्याचे नाव आणि वर्ष. महिना रोमन अंकात किंवा शब्दात लिहा. ०५-०६ वाचून मे की जून हे पुढच्या पिढीला कळत नाही. ओळख दुरुस्त झाली तर जुने लेबल खरवडू नका, शेजारी नवे लावा. आणि लक्षणे पुरेशी दिसत नसतील तर उजव्या लेबलवर ‘स्किर्टोथ्रिप्स, जात अनिश्चित’ एवढेच लिहून नमुना पेटीत जाऊ द्या.